पोरीच्या बाजूला कोण उभं आहे?

(राजुरा इथं तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)



मला विषय दिला होता ‘चळवळ आणि कायदा’. विषय मोठा आहे, तो मोठ्या माणसांनी बोलावा. मी एका बाकड्यावर बोलणार आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात लाकडी बाकडं असतं ना, त्या बाकड्यावर.

त्या बाकड्यावर एखाद्या दिवशी दहा-बारा वर्षांची पोट्टी बसलेली असते. बाजूला पोलीसबाई, तिच्या मांडीवर फाईल. आत सरकारी वकील आहे, आरोपीचा वकील आहे, साहेब आहेत, कारकून आहे, पट्टेवाला आहे. यातला प्रत्येक माणूस कोणाचा तरी आहे. पोलीसबाई ठाण्याची. सरकारी वकील सरकारचा. आरोपीचा वकील आरोपीचा, त्याची तर फीच मिळते. आता मला सांगा, पोट्टीचा कोण?

हा प्रश्न मला कोणत्या पुस्तकानं विचारला नाही. आमच्याच भागातल्या एका पोरीनं विचारला. तिचं नाव, गाव, वर्ष सांगणार नाही. कायदाही सांगू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा आम्ही पेटून उठलो होतो. मोर्चा काढला, ठाण्यासमोर बसलो, तहसीलदाराला निवेदन दिलं, फोटो पेपरात आला. आरोपीला अटक झाली. आम्ही म्हटलं, जिंकलो. मग बरेच महिने गेले. एक दिवस बसस्टँडवर तिची माय भेटली. मी विचारलं, काय झालं केसचं? ती म्हणाली, "परवाच तिची जबानी झाली बाबू. दिवसभर बसवलं. तो वकील असा अंगावर येऊन विचारत होता, पोट्टी घाबरून चूप झाली. बाहेर आल्यावर मले म्हणते, माय, ते झेंडेवाले दादा काहून नाही आले?"

ते झेंडेवाले दादा म्हणजे मी. मी त्या दिवशी कुठं होतो ते मला आठवतही नाही. बहुतेक दुसऱ्या मोर्चात असेन.

तेव्हापासून मी हा विषय धरला आहे. आज तुमच्यासमोर काय वाचलं, काय पाहिलं, एवढंच मांडतो.

या मातीला हा प्रश्न नवा नाही. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज पोलीस ठाणं. तेव्हा तो चंद्रपूर जिल्हाच होता, गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली. मथुरा नावाची आदिवासी पोरगी. आईबाप लहानपणीच गेलेले. भावाजवळ राहून मजुरी करायची. वय डॉक्टरच्या अंदाजानं चौदा ते सोळा. तिला ठाण्यात बोलावलं होतं आणि ठाण्यातच, खाकीतल्या माणसांनी, तिच्यावर अत्याचार केला. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं आरोपी सोडले आणि उलट तिच्याच चारित्र्यावर ठपका ठेवला. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडून दिलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमतीच असणार. पोलीस ठाण्याच्या बंद दारामागे एक अनाथ पोरगी आणि समोर वर्दी, आणि सर्वोच्च न्यायासन विचारतं, ओरडली काहून नाही!

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. मग देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचं कलम आलं. हा मोठा विजय आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तारखा नीट पाहा. देश मथुरासाठी उठला तो निकालानंतर, घटनेला सात वर्षं उलटल्यावर. ज्या दिवशी ती चौदा-सोळा वर्षांची पोरगी पिंजऱ्यात उभी राहून उत्तरं देत होती, त्या दिवशी देश कुठं होता? त्याच १९७२ साली मुंबईत पँथरनं डरकाळी फोडली. ती डरकाळी देसाईगंजपर्यंत पोचली नव्हती. हे कबूल करायला आपल्याला लाज वाटू नये.

आता सत्तेचाळीस वर्षं पुढं या. एप्रिल २०१९. हेच गाव, राजुरा. एका खाजगी इंग्रजी शाळेचं वसतिगृह. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून गोंड-कोलामांच्या लहान लहान पोरी तिथं शिकायला ठेवलेल्या. मुली आजारी म्हणून दवाखान्यात नेल्या तेव्हा लैंगिक अत्याचाराची गोष्ट बाहेर आली. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, मोर्चे निघाले, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. आणि त्याच दिवसांत काही पुढाऱ्यांनी जाहीरपणे सुचवलं, की सरकारी मदतीच्या पैशासाठी आदिवासी पालक तक्रारी करतात. ज्या बापानं डोंगरावरची पोर इंग्रजी शिकावी म्हणून उराशी दगड बांधून खाली पाठवली, त्याच्या तोंडावर हे बोलले! १९७४ साली पोरीवर ठपका होता, २०१९ साली पोरीच्या मायबापावर. ठपका ठेवणारी जीभ तीच आहे.

म्हणून मी म्हणतो, अशा वेळी पोरीला आणि तिच्या मायबापाला एक माणूस पाहिजे. सगळ्या गर्दीत फक्त त्यांचा. आजचा, उद्याचा आणि शेवटच्या तारखेचा.

ही कल्पना जगात कुठं आहे का? आहे. अमेरिकेत सिएटल नावाचं शहर आहे. तिथं डेव्हिड सुकप नावाचे न्यायाधीश होते. आईबापापासून काढून परक्या घरात ठेवलेल्या मुलांचे खटले त्यांच्यापुढं यायचे. हे मूल कुठं राहणार, आईकडे परत जाणार की नाही, हे सगळं त्यांनी कागद वाचून ठरवायचं. त्यांना रात्री झोप येईना. खात्याचा माणूस खात्याचं सांगतो, वकील आईबापाचं सांगतो, मुलाचं कोण सांगणार? १९७७ साली त्यांनी गावातली साधी माणसं गोळा केली. सुरुवातीला पन्नास. कोणी वकील नाही, अधिकारी नाही. एका माणसाला एक मूल. त्यानं मुलाला भेटायचं, शाळेत जायचं, नातेवाइकांशी बोलायचं आणि पाहिलेलं कोर्टाला लेखी द्यायचं. पुढे हे काम अमेरिकाभर पसरलं.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. तिथल्या रेड इंडियन म्हणजे मूळ रहिवाशांना विचारा. त्यांची पोरं ‘मुलाच्या भल्यासाठी’ म्हणून घरातून उचलून गोऱ्या घरांत आणि संस्थांत नेली जायची. शंभरातली पंचवीस ते पस्तीस मुलं अशी तुटली होती, तेव्हा कुठं १९७८ साली त्यांच्या लढ्यामुळं वेगळा कायदा झाला, की मूळ रहिवाशांचं मूल आधी त्याच्या नातलगात, त्याच्या जमातीत राहील. यातून शिकायचं ते असं, की ‘मुलाचं भलं’ हा शब्द फार धोक्याचा आहे. भलं कोण ठरवतं? पांढरपेशा सुशिक्षित माणूस कोलामाच्या झोपडीत येतो, मातीची जमीन पाहतो, कुडाची भिंत पाहतो आणि लिहितो: घरची परिस्थिती मुलाच्या वाढीस पोषक नाही. संपलं! गरिबी हाच गुन्हा ठरला. शिक्षा मुलाला, आईपासून तुटायची.

आता आपल्याकडं काय आहे ते बघू. ऐका, कारण हे कामाचं आहे.

२०१५ चा बाल न्याय कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक बाई. तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. म्हणजे ती कोर्टच आहे, फक्त काळा कोट नाही. अनाथ, टाकलेलं, पळून आलेलं, विटाभट्टीवर सापडलेलं, अत्याचार झालेलं मूल चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, तिच्यापुढं आणावं लागतं. कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे, की मुलाला संस्थेत टाकणं हा शेवटचा उपाय. आधी स्वतःचं घर, मग नातलग, मग संगोपन करणारं दुसरं कुटुंब. भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची. मुलाचं म्हणणं ऐकायचं. आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. नातेवाईक मूल सांभाळत असेल तर महिन्याला मदत मिळते. ती पूर्वी ४२५ रुपये होती, २०२१ साली ११०० झाली, २०२३ साली २२५०. आपल्या वस्तीतल्या किती आज्यांना हे माहीत आहे? खाणीत नाही तर सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटी पोरगा गेला, सून गेली, आजी पाठीवर दोन नातवंडं घेऊन रोजगार हमीवर जाते. तिला ही योजना कोण सांगतो? आणि सांगितली तरी दाखले कोण काढून देतो?

दुसरा कायदा २०१२ चा, लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांच्या संरक्षणाचा. तो वाचला तेव्हा मी चकित झालो. मुलाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी घ्यावा, बाई अधिकाऱ्यानं घ्यावा, वर्दीत घेऊ नये. मुलाची भाषा येत नसेल तर दुभाष्या द्यावा. अंगावर येऊन प्रश्न विचारू देऊ नयेत. मुलाला आरोपीचं तोंड दिसू नये. वारंवार कोर्टात बोलावू नये. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानं द्यावा. शक्यतो एका वर्षात खटला संपवावा. आणि सर्वात महत्त्वाचं, २०२० च्या नियमांत आहे: समिती मुलासाठी एक सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ती व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत असते, दर महिन्याला समितीला अहवाल देते. १८ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं तर सांगितलं, की हा हक्क पालकांना समजावून सांगितलाच पाहिजे. म्हणजे सिएटलच्या त्या पन्नास माणसांची जागा आपल्या नियमात रिकामी ठेवलेली आहे. दोस्तहो, खुर्ची आहे, तिच्यावर बसायला माणूस नाही!

आणि यात एक मोठं भोक आहे, तेही सांगतो. ही सहाय्यक व्यक्ती मिळते ती अत्याचार झालेल्या मुलाला. जे मूल नुसतं अनाथ आहे, ज्याला बालगृहात पाठवायचं की मावशीकडे एवढाच प्रश्न आहे, त्याच्यासाठी असं कोणी नेमलेलं नसतं. अत्याचार होईपर्यंत मुलानं एकटं राहायचं, मग सोबत मिळणार. हे बदलायला हवं, आणि ती मागणी आपण लावून धरायला हवी.

एक प्रसंग सांगतो. जिवतीच्या डोंगरावरच्या एका गुड्यातली दोन भावंडं, बहीण नऊची, भाऊ पाचाचा. आईबाप गेलेले. एका समितीपुढं आणली होती. मी ओळखीच्या बाईंसोबत सहज गेलो होतो. मुलीला विचारलं, "बाळ, तुला संस्थेत राहायचं की घरी?" मुलगी गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. कागदावर उतरलं: मूल प्रतिसाद देत नाही. साहेब लोक वाईट नव्हते बरं का, प्रेमानंच विचारत होते. पण मराठीत विचारत होते. बाहेर चहाच्या टपरीवर एक गोंड म्हातारी बसली होती. तिनं मुलीला गोंडीत दोन शब्द विचारले आणि पोर भडाभडा बोलायला लागली. तिचं म्हणणं असं, की घर म्हणजे बापाचं घर, तिथं आता कोणी नाही, छप्पर पडलं. तिथं जायची भीती वाटते. पण आत्याकडे जायचं आहे, आत्याकडे शेळ्या आहेत, भाऊ तिच्याच कुशीत झोपतो. आत्याचं नाव फाईलमध्ये कुठंच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही ते लिहून आत दिलं. आत्याला आणायला दोन खेपा झाल्या, कागद जमवायला त्याहून जास्त. डोंगरावरून खाली राजुऱ्याला, मग वर्ध्येचा पूल ओलांडून बल्लारपूर, मग चंद्रपूर. एक दिवसाची मजुरी बुडाली की आत्या म्हणायची, आता नाही येत. शेवटी मुलं तिच्याकडं गेली. मी यात काही पराक्रम केला नाही. एका म्हातारीला गोंडी येत होती, एवढाच काय तो पराक्रम. पण ती म्हातारी त्या दिवशी टपरीवर नसती तर दोन पोरं दोन संस्थांत गेली असती, मुलगी मुलींच्या आणि मुलगा मुलांच्या, आणि फाईल ‘निकाली’ झाली असती.

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, हे तर समाजकार्य झालं. ट्रस्टवाल्यांचं काम. आपण क्रांतिकारक. आपण व्यवस्था उलथायची, तिच्या व्हरांड्यात बसायचं नाही. हे मीसुद्धा म्हणत होतो. त्याला माझं उत्तर महाडचं आहे. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आपण दोन्ही दिवस साजरे करतो. पण त्याच डिसेंबरात सनातन्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तो दावा १९३१ ला खालच्या कोर्टात आपल्या बाजूनं सुटला. मग ठाण्याला अपील, मग हायकोर्ट. शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. तळ्याच्या काठावर एक दिवस आणि कोर्टात नऊ वर्षांहून जास्त! त्या वर्षांतल्या तारखांचा आपण कधी उत्सव केला का? एका माणसानं गोलमेज परिषदा, पुणे करार, पक्ष, सगळं सांभाळून तो दावा सोडला नाही. मोर्चा आणि तारीख या दोन्ही लढाईच्याच गोष्टी आहेत. आपण मोर्चा घेतला आणि तारीख विसरलो.

आणि परक्याचं मूल आपलं मानायचं म्हणाल, तर ते जोतिबा-सावित्रीबाईंपासून आहे. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेक दोघं रोग्यांची सेवा करत होते, सावित्रीबाई त्यातच गेल्या. त्या मुलाची जात त्यांनी विचारली नाही. मग आपल्यातले काही जण जेव्हा म्हणतात, "ती गोंडाची पोरगी, त्यांची संघटना बघेल," तेव्हा मला त्यांच्या खिशावरचा निळा बिल्ला काढून घ्यावासा वाटतो.

तर करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

एक. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि सहाय्यक व्यक्ती म्हणून नाव नोंदवायचं काय लागतं ते विचारा. बालहक्काचं काम करणाऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला ते करता येतं. पार्श्वभूमी तपासतील, प्रशिक्षण देतील, ते घ्या. मोबदल्याचीही तरतूद नियमात आहे, कुशल कामगाराच्या किमान मजुरीपेक्षा कमी नको असं म्हटलं आहे. फुकटची सेवा करून मोठेपणा मिळवायची गरज नाही. हक्काचं मागा.

दोन. भाषा. आपल्यातल्या किती जणांना गोंडी येते? कोलामी? माडिया? हात वर करा. बघा, तीन हात. आपण इंग्रजीच्या क्लासला जातो, आणि शेजारच्या डोंगरावरची भाषा येत नाही. आधी ती शिका. नाही तर ज्यांना येते त्या गोंड, कोलाम पोरापोरींना पुढं करा आणि आपण त्यांची पिशवी धरा. खरं तर तेच बरं.

तीन. मुलासमोर भाषण करायचं नाही. ही सगळ्यात अवघड अट आहे, कारण आपल्याला भाषणाची सवय आहे, आता मी करतोय तसं. तिथं ऐकायचं. पोरगी चूप बसली तर आपणही चूप बसायचं. तिला काय बोलायचं ते शिकवायचं नाही, तो गुन्हा आहे आणि केसही त्यानंच पडते. आज काय होईल, कोण काय विचारेल, कंटाळा आला तर पाणी मागता येतं, समजलं नाही तर ‘समजलं नाही’ म्हणता येतं, एवढंच तिला सांगायचं. तिचं म्हणणं आपल्याला पटलं नाही तरी तसंच्या तसं पोचवायचं. आणि तिचा फोटो, तिचं नाव, तिचं गाव कुठंही, अगदी आपल्या पत्रकातही, छापायचं नाही. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही.

चार. एका माणसानं एकच मूल घ्यायचं, पण शेवटपर्यंत. मध्येच नोकरी लागली, लग्न झालं, निवडणूक आली, अशा सबबी नाहीत. या मुलांना आधीच सगळ्यांनी सोडलेलं असतं. आणखी एक सोडणारा माणूस त्यांना नको आहे. जमत नसेल तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही.

मला कोणी विचारेल, एवढं करून निकाल आपल्या बाजूनं लागेल का? सांगता येत नाही. कायद्यात एक वर्ष लिहिलं आहे, पण व्हरांड्यात बसलेल्या माणसाला कळतं की तारखेला पाय नसतात, ती सरकतच नाही. साक्षीदार फुटतात. गावातले पुढारी पैसे घेऊन तडजोड घडवतात. आपण असलो तरी हे होईल. पण पोरगी जेव्हा आत जाईल तेव्हा मागं वळून पाहील, आणि तिला दरवाजात एक ओळखीचं तोंड दिसेल. मथुराला ते दिसलं नाही. आमच्या त्या पोरीला दिसलं नाही.

तिची माय अजून मला भेटते. बोलते, चहा पाजते, कधी उणंदुणं काढत नाही. मी दर वेळी मान खाली घालतो. पोरगी आता मोठी झाली, दूर कुठं कामाला आहे. तिला सांगायला माझ्याकडं काही नाही. पण पुढच्या तारखेला, चंद्रपूरला, एका दुसऱ्या पोरीची साक्ष आहे. साडेदहाला पुकारा होतो. मी दहाला तिथं असणार आहे. गाडीवर एकाची जागा आहे. कोण येतंय ते चहाच्या वेळी सांगा.

जय भीम.